बातमीची किंमत कोण मोजतो?

वर्तमानपत्र दारात येते, आपण पाच-सहा रुपये मोजतो आणि साऱ्या जगाची खबर मिळाली असे मानतो. पुढे तेच वर्तमानपत्र इंटरनेटवर आले आणि हे पाच-सहा रुपयेही द्यावे लागेनासे झाले. बातमी फुकट झाली, असा आपला समज झाला. वस्तुतः बातमी कधीच फुकट नसते. ती मिळविण्यासाठी कुणी न्यायालयात दिवसभर ताटकळलेले असते, कुणी नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त वाचलेले असते, तर कुणी पुराच्या पाण्यातून वाट काढीत एखाद्या गावी पोहोचलेले असते. त्यांचे वेतन कुणीतरी देतच असते. प्रश्न एवढाच, की ते कोण देते.

गेल्या तीस वर्षांत जगभरच्या वृत्तपत्रांची जी उलथापालथ झाली, ती मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरते. अमेरिका व इंग्लंड येथील काही वृत्तपत्रांच्या उदाहरणांवरून हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

जुना हिशेब

१८३३ साली बेंजामिन डे यांनी न्यूयॉर्क शहरात 'द सन' हे दैनिक सुरू केले. त्या काळी इतर वृत्तपत्रांचा अंक सहा सेंटला मिळे. डे यांनी आपला अंक एका सेंटला विकला. एका सेंटमध्ये खर्च भागणे कठीण होते. परंतु स्वस्त अंकाला वाचक पुष्कळ मिळतील आणि पुष्कळ वाचक दिसले की जाहिरातदार आपोआप येतील, हे त्यांनी ओळखले होते. वाचकाला बातमी विकायची आणि वाचकाचे लक्ष जाहिरातदाराला विकायचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. पुढची पावणेदोनशे वर्षे बहुतेक वृत्तपत्रे याच व्यवहारावर जगली.

या व्यवहारातील सर्वांत भरवशाचे पीक म्हणजे छोट्या जाहिराती. नोकरी हवी आहे, घर भाड्याने देणे आहे, जुनी मोटार विकणे आहे, अशा दोन-तीन ओळींच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पानेच्या पाने भरत. २००० साली अमेरिकेतील वृत्तपत्रांना केवळ या जाहिरातींतून १९ अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले होते. दूरदेशीच्या युद्धाचे वार्तांकन असो की मंत्र्याचा भ्रष्टाचार उघड करणारी शोधमोहीम असो, तिच्यामागे बऱ्याच अंशी या दोन-दोन ओळींच्या जाहिरातींचा पैसा उभा होता. वाचकाला हे दिसत नसे; त्याला वाटे, आपल्या नाण्यावरच वृत्तपत्र चालले आहे.

भगदाड कोठे पडले?

१९९५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे क्रेग न्यूमार्क यांनी ओळखीच्या मंडळींना ई-मेलद्वारे स्थानिक कार्यक्रमांची यादी पाठविण्यास प्रारंभ केला. त्यातूनच 'क्रेगलिस्ट' हे संकेतस्थळ उभे राहिले. तेथे बहुतेक छोट्या जाहिराती विनामूल्य देता येत, मजकुराला शब्दमर्यादा नव्हती आणि दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहावी लागत नव्हती. वृत्तपत्राच्या छोट्या जाहिराती याच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. २०१२ सालापर्यंत त्यांचे उत्पन्न ५ अब्ज डॉलरच्याही खाली आले.

मोठ्या जाहिरातींचीही हीच गत झाली. छापील पानावरील जागा मर्यादित असते, म्हणून ती महाग असते. इंटरनेटवरील जागेला अंत नाही. म्हणून तिचा भाव कोसळला. शिवाय कोणता वाचक काय शोधतो आहे, हे वृत्तपत्रापेक्षा गूगल व फेसबुक यांना अधिक नेमके ठाऊक होते. साहजिकच जाहिरातदार त्यांच्याकडे वळले. २००५ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांना छापील व इंटरनेटवरील मिळून सुमारे ४९ अब्ज डॉलर जाहिरात उत्पन्न होते. २०१२ साली ते निम्म्याहूनही कमी उरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाचकांनी वृत्तपत्रांकडे पाठ फिरविली, असे सरसकट म्हणता येणार नाही. नामांकित वृत्तपत्रांचे वाचक इंटरनेटमुळे कित्येक पटींनी वाढले. गेला तो जाहिरातदार. ज्याच्या खांद्यावर घराचा भार होता, तोच घर सोडून गेला.

दार लावणारे वृत्तपत्र

'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपले संकेतस्थळ जानेवारी १९९६ मध्ये सुरू केले. अमेरिकेतील वाचकांना ते विनामूल्य होते. २००५ साली या वृत्तपत्राने नामवंत स्तंभलेखकांचे लेखन वर्षाला सुमारे ५० डॉलर देणाऱ्यांसाठीच राखून ठेवले. सव्वादोन लाखांहून अधिक वाचकांनी ही वर्गणी भरली. तरीही दोन वर्षांनी ही योजना गुंडाळण्यात आली. शोधयंत्रावरून येणारे असंख्य वाचक बंद दारावरून परत जात होते आणि त्यांच्यामुळे मिळू शकणारे जाहिरातींचे उत्पन्न वर्गणीपेक्षा मोठे ठरेल, असा त्या वेळचा अंदाज होता.

तो अंदाज लवकरच खोटा ठरला. २००८ सालच्या आर्थिक मंदीत जाहिराती आटल्या. जानेवारी २००९ मध्ये या संस्थेला मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्याकडून सुमारे १४ टक्के व्याजाने २५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. त्याच वर्षी तिने मॅनहॅटनमधील आपल्या नव्या इमारतीतील कार्यालयाची जागा विकून तीच जागा भाड्याने घेतली.

मार्च २०११ मध्ये संस्थेने दुसरा मार्ग धरला. महिन्याला २० लेख कुणीही वाचावेत. त्यापुढे वाचायचे असल्यास वर्गणी भरावी. पुढच्याच वर्षी ही मर्यादा १० लेखांवर आणण्यात आली. अधूनमधून येणारा वाचक दुरावू नये आणि नित्य येणाऱ्याने भार उचलावा, अशी ही योजना होती. फुकटाची सवय लागलेले लोक पैसे देणार नाहीत, असे भाकीत अनेकांनी वर्तविले. प्रत्यक्षात २०१२ सालीच वाचकांकडून मिळणारे उत्पन्न जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. २०१५ साली डिजिटल वर्गणीदारांची संख्या १० लाखांवर गेली आणि २०२३ अखेर छापील व डिजिटल मिळून एकूण वर्गणीदार १ कोटीहून अधिक झाले.

हे सारे केवळ बातम्यांच्या बळावर घडले, असे मात्र समजू नये. पाककृती, शब्दकोडी व खेळ यांनाही मोठे स्थान देण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये या संस्थेने 'वर्डल' हा लोकप्रिय शब्दखेळ विकत घेतला आणि त्याच सुमारास क्रीडावार्ता देणारे 'द ॲथलेटिक' हे संकेतस्थळ ५५ कोटी डॉलरला घेण्याचा व्यवहार केला. पूर्वी छोट्या जाहिराती युद्धवार्तेचा खर्च उचलीत. आता शब्दकोडी तो उचलतात. तत्त्व तेच आहे, भार वाहणारा बदलला आहे.

दार उघडे ठेवणारे वृत्तपत्र

इंग्लंडच्या 'गार्डियन'ची वाट निराळी होती. १८२१ साली मँचेस्टर येथे स्थापन झालेले हे वृत्तपत्र १९३६ पासून एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचे आहे. भागधारकांना नफा वाटण्याचे बंधन तिच्यावर नाही. संकेतस्थळावरील बातम्या सर्वांसाठी खुल्या ठेवायच्या, असे त्यांनी ठरविले. ज्याला पैसे देणे परवडत नाही, त्यालाही विश्वसनीय बातमी मिळाली पाहिजे, ही त्यामागची भूमिका.

भूमिका उदात्त होती. पण तोटा मोठा होता. २०१६ साली खर्चकपातीची तीन वर्षांची योजना हाती घ्यावी लागली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०१८ पासून छापील अंकाचा आकारही लहान करण्यात आला. त्याच काळात लेखाच्या शेवटी वाचकांना साधी विनंती करण्यास प्रारंभ झाला: हे काम आपणास मोलाचे वाटत असेल, तर यथाशक्ती हातभार लावा. देणाऱ्याला बातम्या अधिक मिळत नाहीत आणि न देणाऱ्याला कमी मिळत नाहीत. तरीही तीन वर्षांत १० लाखांहून अधिक वाचकांनी साहाय्य केले. २०१८-१९ या आर्थिक वर्षात संस्थेने ८ लाख पौंडांचा किरकोळ का होईना, पण नफा दाखविला. अर्थात तिच्या पाठीशी विश्वस्त संस्थेचा मोठा निधी होता, हे विसरून चालणार नाही. तोट्याची वर्षे सोसण्याची ऐपत सर्वांकडे नसते.

जी वृत्तपत्रे तगली नाहीत

ही दोन्ही वृत्तपत्रे जगभर वाचली जातात. एखाद्या शहराच्या किंवा तालुक्याच्या वृत्तपत्राला कोट्यवधी वाचक कोठून मिळणार? डेन्व्हर येथील 'रॉकी माउंटन न्यूज' हे दैनिक एप्रिल १८५९ मध्ये सुरू झाले होते. २७ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचा अखेरचा अंक निघाला. दीडशेव्या वर्धापनदिनाला दोन महिनेही उरले नव्हते. पुढच्याच महिन्यात सिएटलच्या 'पोस्ट-इंटेलिजन्सर'ने छापील अंक बंद केला आणि मोजक्या वीसेक कर्मचाऱ्यांनिशी ते केवळ संकेतस्थळ म्हणून उरले. सॉल्ट लेक सिटीच्या 'ट्रिब्यून'ने वेगळा उपाय शोधला. २०१९ साली त्याने ना-नफा संस्थेचे रूप घेतले, म्हणजे त्याला करसवलतीच्या देणग्या स्वीकारता येऊ लागल्या. २०२० अखेर दैनिक छापणे थांबवून ते छापील साप्ताहिक बनले.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पाहणीनुसार २००५ सालानंतर अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. त्यांतील बहुसंख्य साप्ताहिके होती. अशा गावातील लोकांना राष्ट्राध्यक्षांचे प्रत्येक वाक्य मिनिटभरात कळते. पण आपल्या शाळेच्या इमारतीचा निधी कोठे गेला, हे सांगणारे कुणी उरत नाही. आमच्या मते या साऱ्या कथेतील खरी हानी ती हीच.

मजकूरही बदलला

उत्पन्नाचा मार्ग बदलला की मजकूरही बदलतो. प्रारंभी छापील अंकातील मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढविला जाई. मग दिवसरात्र ताजी बातमी देण्याची धावपळ सुरू झाली. शोधयंत्राला सापडतील असे मथळे लिहिले जाऊ लागले. चित्रफिती आल्या, ई-मेलने पाठविली जाणारी वार्तापत्रे आली, ऐकण्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका हिमप्रपाताची दीर्घ हकिकत शब्द, नकाशे व चलत्चित्रे यांची गुंफण करून सादर केली आणि तिला पुलित्झर पारितोषिक लाभले.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी कोणती बातमी किती जणांनी वाचली, हे संपादकाला अचूक कळत नसे. आता क्षणाक्षणाला कळते. जेथे सारे उत्पन्न जाहिरातीवर अवलंबून आहे, तेथे अधिकाधिक जणांनी बोट टेकवावे, एवढाच हेतू उरण्याचा धोका असतो. 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' अशा थाटाचे मथळे त्यातूनच जन्मतात. वर्गणीवर चालणाऱ्या वृत्तपत्राला मात्र वाचक पुढच्या महिन्यातही टिकावा लागतो. म्हणून तेथे विश्वास हेच भांडवल ठरते. तेथेही एक मोह असतोच: पैसे देणाऱ्या वाचकाला रुचेल तेवढेच लिहिण्याचा.

आपल्याकडे काय?

भारतात 'द हिंदू' १९९५ साली इंटरनेटवर आला. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांना आरंभीची वर्षे लिपीशी झगडावे लागले. प्रत्येकाचा फाँट वेगळा असे. तो संगणकावर उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली आणि आखाती देशांत किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसांना गावची बातमी त्याच दिवशी वाचता येऊ लागली.

आपल्याकडे कागदी वृत्तपत्र अधिक काळ टिकले, यामागे स्वस्त अंक व घरपोच वाटप ही मोठी कारणे आहेत. महिन्याच्या बिलातील काही भाग आपण रद्दी विकूनही परत मिळवितो. पण याचा अर्थ असा, की आपल्या घरी येणाऱ्या अंकाचा बराचसा खर्च आपण नव्हे, तर जाहिरातदार उचलतो. सरकार हाही त्यांतील एक मोठा जाहिरातदार आहे. जो खर्च उचलतो, त्याला दुखावणे संपादकाला जड जाते. हे आपल्यालाही लागू आहे, याची जाणीव असावी.

पुन्हा तोच प्रश्न

ही कथा संपलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'ओपनएआय' व 'मायक्रोसॉफ्ट' यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. आपले लेख परवानगीवाचून वापरून त्यांनी संगणकीय बुद्धिमत्तेला शिकविले, असा त्यातील आरोप आहे. वाचकाला यंत्राकडूनच उत्तर मिळू लागले, तर तो मूळ बातमीपर्यंत येईलच कशाला, ही चिंता आज साऱ्याच वृत्तपत्रांना आहे. यंत्र उत्तर देईल. पण नगरपालिकेच्या सभेला ते जाऊन बसणार नाही.

वाचकहो, या तीस वर्षांतून एक बोध निश्चितपणे घेता येतो. जाहिरातदार येतात आणि जातात. वृत्तपत्राचा अखेरचा आधार वाचक हाच आहे. प्रत्येकाने दहा ठिकाणी वर्गणी भरावी, असे आम्ही सुचवीत नाही. ते कुणालाच परवडणारे नाही. परंतु आपल्या तालुक्याची, आपल्या गावाची बातमी प्रामाणिकपणे देणारे एखादे साप्ताहिक वा संकेतस्थळ असेल, तर त्याची वर्षाची वर्गणी वेळेवर भरावी. त्यातील मजकूर फिरवून पाठविताना त्याचे नाव गाळू नये. ते चुकले तर संपादकाला पत्र लिहून तसे कळवावे. बातमीची किंमत आपण मोजली नाही, तर ती दुसरा कुणीतरी मोजेल आणि मग बातमीही त्याच्याच सोयीची असेल.