जांभळी झाक

महागडी दुर्बीण दिव्याखाली जराशी तिरकी केली की पुढच्या भिंगावर जांभळी किंवा हिरवी झाक चमकते. विक्रेते ती कौतुकानं दाखवतात: बघा, कोटिंग! गंमत अशी, की ती झाक म्हणजे लेपाच्या हातून निसटलेला प्रकाश. तो डोळ्यापर्यंत पोचायला हवा होता, भिंगानं तो माघारी धाडला.

उघड्या काचेचा हा स्वभावच आहे. हवेतून काचेत शिरताना सुमारे चार टक्के प्रकाश परततो, बाहेर पडताना पुन्हा जवळपास तेवढाच. वस्तुभिंग, लोलक, नेत्रभिंग मिळून एका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज होतात. बारा धरले तर शेवटी ६१ टक्केच प्रकाश उरतो. शिवाय परतलेला सगळा प्रकाश निमूटपणे बाहेर जात नाही. त्यातला काही नळीतल्या नळीत आपटत राहतो आणि चित्रावर धुरकट पडदा धरतो. उजेड कमी झालेला एक वेळ चालतो, हा पडदा चालत नाही.

यावरचा उपाय आधी काचेनंच दाखवला होता. जुनी, हवेनं गंजून डागाळलेली काच ताज्या काचेपेक्षा कमी परावर्तन करते, हे लॉर्ड रॅले यांनी १८८६ मध्ये नोंदवलं. पुढे इंग्लंडातले भिंगरचनाकार डेनिस टेलर यांनी रसायनांनी काच मुद्दाम ‘म्हातारी’ करून पाहिली आणि १९०४ मध्ये पेटंटही घेतलं. पण प्रत्येक काच आपल्या मर्जीनं गंजे, त्यामुळे हा मार्ग भरवशाचा ठरला नाही.

भरवशाची रीत जर्मनीतल्या येना शहरात सापडली. झाइस कंपनीत काम करणारे, मूळचे युक्रेनचे अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात क्षार तापवून त्याची वाफ भिंगावर बसवली. पेटंट १९३५ चं, पण लष्करी गुपित म्हणून ते दडवून ठेवलं गेलं. लेप दिलेल्या उपकरणांवर नुसतं ‘टी’ हे अक्षर असे.

या लेपाची जाडी हेच त्याचं मर्म. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर साधारण १०० नॅनोमीटरचा ठेवला, तर थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि चार टक्क्यांचा तोटा दीडच्या आसपास येतो. पण ही जाडी एकाच रंगाला चपखल बसते. बनवणाऱ्यानं हिरवा निवडला की तांबडा आणि निळा थोडे थोडे परततात. तीच ती जांभळी झाक. १९७० नंतर एकावर एक अनेक थर चढवायची पद्धत रुळली आणि तोटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला.

भिंगांचं निभावलं, तरी लोलकांचं दुखणं वेगळं. सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणीत बहुधा श्मिट-पेखान लोलक असतो, आणि त्याच्या एका पृष्ठभागावर आरसा चढवावाच लागतो. ॲल्युमिनियमचा आरसा दहाएक टक्के प्रकाश खातो. चांदी बरीच कमी खाते, पण निळ्याशी तिचं फारसं जमत नाही, म्हणून चित्र उबदार दिसतं. उंची दुर्बिणींत आता धातूच नसतो. डझनावारी पारदर्शक थरांचा आरसा ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो. शिवाय लोलकाच्या छपरासारख्या कडेवर प्रकाश दुभंगतो, त्याचे दोन भाग लहरींच्या तालात राहत नाहीत आणि बारीक तपशील पुसट होतात. त्यावरचा फेज-लेप झाइसनं १९८८ मध्ये आणला. माझ्या मते अलीकडच्या दुर्बिणींतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि नेमकी ती बाहेरून दिसत नाही.

आता प्रश्न रंगाचा. जाहिरातीत पारगमनाचा, म्हणजे पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशाचा, ‘९२ टक्के’ असा एकच आकडा असतो. प्रत्यक्षात प्रत्येक तरंगलांबीचा आकडा वेगळा असतो आणि त्यांची मिळून एक वक्ररेषा होते. ती कुठे उंच ठेवायची हे बनवणारा ठरवतो, आणि ते गिऱ्हाईक पाहून ठरतं. जर्मनी-ऑस्ट्रियात दुर्बिणीचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. तो संधिप्रकाशात रानडुकराची वाट पाहत बसतो. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याला सर्वाधिक दाद देतो, दिवसाचा डोळा ५५५ च्या पिवळसर हिरव्याला. शिकाऱ्याला निळं-हिरवं भरपूर हवं. पक्षीनिरीक्षकाला तांबडाही पुरेपूर लागतो. हिवाळ्यात सह्याद्रीत उतरणारे पर्णवटवटे ओळखताना तर हिरवट, राखी आणि पिवळट यांतल्या जेमतेम फरकावर भिस्त असते. तिथे एखाद्या रंगाकडे झुकणारी दुर्बीण सरळ चकवते.

लायकाचं चित्र उबदार, झाइसच्या काही मालिकांचं थंड-हिरवट, असं निरीक्षकांत बोललं जातं. या निव्वळ ब्रँडभक्तांच्या गप्पा नव्हेत, वक्ररेषांत त्यांचा माग लागतो. पांढरा कागद उन्हात ठेवून दुर्बीण उलटी धरा आणि मोठ्या भिंगातून त्याच्याकडे पाहा. छटा लगेच कळते, कारण शेजारी उघड्या डोळ्याला दिसणारा कागद तुलनेला असतोच.

टिरोलमधल्या अब्जाम गावच्या स्वारोव्स्की ऑप्टिकच्या दोन दुर्बिणी शेजारी ठेवून पाहा. जुन्या घाटाच्या पोरो लोलकांच्या हाबिख्टमध्ये आरशाची गरज नाही, त्यामुळे तिचं पारगमन ९५ टक्क्यांच्या आसपास पोचतं. दुपटीहून महाग एनएल प्युअरचं मात्र ९१. चार टक्क्यांचा हा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. हाबिख्टमधली पिवळट-हिरवी छटा मात्र बऱ्याच जणांना खटकते, आणि ज्यांना ती खटकत नाही ते उरलेल्या पैशांत स्कोप घेतात.