रिकामे समजून पुसलेले फोल्डर

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमात सरफेस मालिकेतले नवे संगणक दाखवले आणि त्याच दिवशी विंडोज १० चे पुढचे मोठे अपडेट खुले केले. आवृत्ती क्रमांक होता १८०९. सर्वांच्या संगणकांवर ते आपोआप उतरायला अजून आठवडा होता. ज्यांना थांबायचे नव्हते, त्यांना मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन नवे अपडेट आले आहे का हे तपासले की ते लगेच मिळत होते. अशा उत्साही लोकांकडूनच पुढच्या दोन-तीन दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. संगणक नीट सुरू होत होता. पडद्यावर बिघाडाची कसलीही सूचना नव्हती. फक्त डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स उघडले, की वर्षानुवर्षे जमवलेले फोटो, हिशेब, पत्रे यांतले काहीच दिसत नव्हते. रिसायकल बिनमध्येही काही नव्हते. काहींनी अपडेट काढून जुनी आवृत्ती परत आणून पाहिली, तरी फाइल्स आल्या नाहीत.

आठवडा पुरा व्हायच्या आत मायक्रोसॉफ्टने हे अपडेट थांबवले. ज्यांनी ते पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवले होते, त्यांनाही ते वापरू नका, असे सांगण्यात आले.

हे का घडले, ते समजण्यासाठी मोठे अपडेट म्हणजे काय ते आधी पाहायला हवे. दर महिन्याला येणारे छोटे अपडेट काही मोजक्या फाइल्स बदलते. मोठे अपडेट जवळजवळ संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवते. काही जीबींचा मजकूर आधी उतरतो, मग संगणक बंद होऊन एका छोट्या, तात्पुरत्या सिस्टिमवर सुरू होतो. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला सरकवली जाते, तिच्या जागी नवी येते. त्यानंतर वापरणाऱ्याच्या फाइल्स, सेटिंग्ज, प्रोग्रॅम आणि प्रिंटर, वायफाय, ध्वनी यांचे ड्रायव्हर नव्या सिस्टिमला जोडले जातात. माणसे राहत असलेल्या घराचे जोते बदलण्यासारखे हे काम आहे, आणि त्यात घरातली एकही वस्तू हलता कामा नये अशी अपेक्षा असते. जुनी विंडोज साधारण दहा दिवस जपून ठेवली जाते, म्हणजे बिघडले तर मागे जाता येते. पण मागे जाण्याने सिस्टिम परत येते. पुसली गेलेली कागदपत्रे परत येतीलच असे नाही.

९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टचे अधिकारी जॉन केबल यांनी कारण जाहीर केले. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे काही ठरलेले फोल्डर असतात. ते मुळात सी ड्राइव्हवर असतात, पण त्यांचा पत्ता बदलून ते दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येतात. असे केले की जुन्या जागी त्याच नावाचा एक फोल्डर मागे राहत असे. एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर अनेकांनी तक्रार केली, की एकाच नावाचे दोन फोल्डर दिसतात, त्यातला एक रिकामा आहे, तो काढून टाका. तक्रार रास्त होती. ती दूर करण्यासाठी ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये थोडा कोड घातला गेला. मात्र अपडेटच्या क्रमात झालेल्या आणखी एका बदलाशी त्याची गाठ पडली आणि जुने फोल्डर आतल्या फाइल्ससकट पुसले गेले.

पत्ता बदलताना विंडोज विचारते, की जुन्या फाइल्सही नव्या जागी हलवायच्या का? ज्यांनी तेव्हा ‘नाही’ म्हटले, त्यांच्या जुन्या फाइल्स सी ड्राइव्हवरच राहिल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या वनड्राइव्ह सेवेच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीनेही हाच घोळ केला होता. आपोआप जतन करण्याची सोय चालू केली, की ती फोल्डरचा पत्ता बदलत असे, पण आधीच्या फाइल्स हलवत नसे. अशा सगळ्या ठिकाणी अपडेटला ‘जुने आणि नको असलेले’ वाटलेले फोल्डर भरलेले होते.

भारतातल्या वाचकाला ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत संगणक जोडून देणारा हार्डवेअरवाला पहिल्याच दिवशी हार्डडिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देतो आणि बजावतो, की सीवर काही ठेवू नका, उद्या फॉरमॅट मारावा लागला तर सगळे जाईल. सल्ला चांगला आहे. पण तो अर्धवट पाळला, म्हणजे फोल्डर डीवर नेला आणि जुन्या फाइल्स सीवरच राहिल्या, तर नेमकी तीच अवस्था तयार होते जिच्यावर १८०९ चा घाव बसला.

खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार फाइल्स गेल्याच्या तक्रारींचे प्रमाण एकूण अपडेट केलेल्या संगणकांच्या एक शतांश टक्का होते, म्हणजे दहा हजारांत एक. हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्या सुमारास जगात विंडोज १० वर चालणारी सुमारे ७० कोटी उपकरणे होती. त्याच प्रमाणात हा दोष सर्वांपर्यंत पोहोचला असता, तर ७० हजार संगणकांवरची कागदपत्रे गेली असती. मोठ्या प्रणालीत दुर्मीळ दोष असे काही नसते, आणि ज्याचे फोटो गेले त्याला टक्केवारीने काही परत मिळत नाही.

या प्रकरणातली सर्वात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. इशारा आधीच मिळाला होता. विंडोजच्या येऊ घातलेल्या आवृत्त्या आधी वापरून पाहणाऱ्या स्वयंसेवकांचा ‘विंडोज इनसायडर’ कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मोठी नोकरकपात केली, चाचणीचे काम करणाऱ्या अनेकांना तिची झळ बसली आणि चाचणीचा बराच भार या स्वयंसेवकांवर आणि संगणकांकडून आपोआप येणाऱ्या माहितीवर गेला. १८०९ प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी काही इनसायडरनी फाइल्स नाहीशा झाल्याचे कळवले होते. पण तक्रारींची रांग लागत होती ती त्यांना मिळालेल्या पाठिंब्याच्या संख्येवर. एखादे बटण हजारो जणांना आवडले नाही, तर ते वर यायचे. मोजक्याच जणांच्या फाइल्स गेल्या, तर ती तक्रार तळाशी राहायची. नंतर कंपनीने तक्रार नोंदवतानाच नुकसान किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय केली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती, कारण गैरसोय आणि हानी यांची मोजणी एका मापाने होऊच शकत नाही.

मोठ्या अपडेटचा त्रास हा काही त्या एका महिन्यापुरता नव्हता. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना विंडोज १० फुकट दिले जात होते. त्यासाठीची खिडकी वारंवार उघडायची. मे २०१६ मध्ये तर तिच्या कोपऱ्यातली लाल फुली दाबून ती बंद केली, तरी ठरवलेल्या वेळी अपडेट होण्याला संमती आहे असे धरले जाऊ लागले. पुढे कंपनीच्या विपणनप्रमुखांनीच हे अती झाल्याचे मान्य केले. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका महिलेच्या कामाच्या संगणकावर हे अपडेट नको असताना सुरू झाले आणि संगणक जवळजवळ निकामी झाला. ती न्यायालयात गेली आणि तिला १०,००० डॉलर मिळाले. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण अपीलही मागे घेतले. ऑगस्ट २०१६ च्या मोठ्या अपडेटनंतर अनेकांचे वेबकॅम गोठू लागले, आणि काही संगणक किंडल जोडताच बंद पडू लागले.

थांबवलेले १८०९ दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा आले, तेव्हाही सगळे सुरळीत नव्हते. कार्यालयांतल्या सामायिक नेटवर्क ड्राइव्ह तुटू लागल्या. आयक्लाउड बसवलेल्या संगणकांना अपडेट देणे काही काळ थांबवावे लागले. त्याआधी याच आवृत्तीत झिप फाइल उलगडताना त्याच नावाची फाइल आधीपासून असली, तरी न विचारता ती बदलली जात असल्याचे आढळले होते.

अॅपलचेही असेच झाले. १२ नोव्हेंबर २०२० ला मॅकओएस बिग सर आले, त्या दिवशी अपडेट न केलेल्या मॅकवरही प्रोग्रॅम उघडायला विलंब होऊ लागला, कारण प्रोग्रॅमचे प्रमाणपत्र तपासणारा अॅपलचा सर्व्हर नीट उत्तर देत नव्हता. शिवाय २०१३ च्या अखेरीच्या आणि २०१४ च्या १३ इंची मॅकबुक प्रोपैकी काही अपडेटच्या अर्ध्यात काळ्या पडद्यावर अडकून पडले.

१८०९ मधून मायक्रोसॉफ्टने काही धडे घेतले. एप्रिल २०१९ मध्ये नवी पद्धत जाहीर झाली आणि मे महिन्याच्या अपडेटपासून ती लागू झाली. मोठे अपडेट आले, की ते कधी बसवायचे हे वापरणाऱ्याने ठरवायचे, आणि घरगुती आवृत्तीतही ते ३५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येऊ लागले. कोणत्या संगणकावर कोणती अडचण येते, हे सांगणारे अधिकृत पानही सुरू झाले. अडचण माहीत असलेल्या संगणकांना अपडेट न देण्याची व्यवस्थाही अधिक नेटकी झाली.

हा विषय आज पुन्हा घरोघरी आला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि ती फक्त ६४ बिटची आहे. महाराष्ट्रातल्या छपाईच्या आणि डीटीपीच्या दुकानांना याचा विशेष विचार करायला हवा. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर किंवा डॉसच्या काळातला हिशेबाचा प्रोग्रॅम जुन्या ३२ बिट विंडोजवर चालत असेल, तर १६ बिटचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर मुळीच चालणार नाहीत आणि डोंगलच्या जुन्या ड्रायव्हरचीही अडचण येईल. विंडोज बदलण्यापूर्वी तो संगणक तसाच ठेवून दुसऱ्या संगणकावर काम करून पाहावे.

घरच्या संगणकासाठी तयारी एका दुपारची आहे. सगळ्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क केबलपासून वेगळी करून ठेवावी. त्याच संगणकातला डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, कारण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फोल्डरचा पत्ता पूर्वी बदलला असेल, तर सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’मध्ये जाऊन मागे काही राहिले आहे का ते पाहावे. अपडेट बाहेर आल्यावर काही आठवडे थांबावे. आणि एवढे करूनही फाइल्स दिसेनाशा झाल्या, तर संगणकावर पुढे काहीही न करता तो बंद करून जाणकाराकडे न्यावा. पुसलेली फाइल डिस्कवर लगेच नष्ट होत नाही, तिची जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. नवे काही लिहिले गेले की ती जागा भरते, आणि एसएसडीमध्ये तर ती आपोआप साफही होते. १८०९ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने फाइल्स गमावलेल्यांना संगणक कमीत कमी वापरा असेच सांगितले होते, आणि ज्यांनी संगणकाचा वापर लगेच आवरला होता, त्यांच्या फाइल्स परत मिळण्याची आशा अधिक होती.