आधी रात्र सांभाळू या

परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की घराघरात एकच वाक्य ऐकू येते, ‘या मोबाईलने पोराचे वाटोळे केले!’ रागाच्या भरात मोबाईल काढून घेतला जातो आणि दोन दिवसांनी परत द्यावा लागतो. कारण कॉलेजच्या सूचना, नोट्स, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, सारे काही त्यातच असते. मोबाईल घराबाहेर काढणे आता शक्य नाही. मग आपल्या मुलामुलींची तब्येत कशी सांभाळायची, याचा आपण विचार करायला हवा.

मोबाईल जास्त वापरणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. अभ्यासासाठी चार तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुलीला व्यसनी म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. किम्बर्ली यंग यांनी 1998 साली इंटरनेटच्या व्यसनासाठी 20 प्रश्नांची एक चाचणी मांडली. विद्यापीठांतील पाहण्यांत ती आजही वापरली जाते. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जातो का, त्यापायी झोप बुडते का, कामे मागे पडतात का, कोणी हटकले तर चिडचिड होते का, अशा गोष्टी ती विचारते. म्हणजे प्रश्न ताबा सुटण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमिंगचे व्यसन आजारांच्या यादीत घेतले असून ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली आहे.

हा ताबा बहुधा रात्री सुटतो. अकरा वाजता ‘पाचच मिनिटे’ म्हणून मोबाईल हाती घेतला जातो. एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते. थांबण्याची जागाच ठेवलेली नसते. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशामुळे झोप आणणारे मेलाटोनिन कमी तयार होते आणि झोप आणखी लांबते. या वयाला 7 ते 9 तासांची झोप लागते. दोन वाजता झोपलेल्या मुलाची फजर कजा होते, नाश्ता राहतो, कँटीनच्या वडापाव-चहावर दुपार निघते, वर्गात पेंग येते. संध्याकाळी मैदानावर जायचे त्राण उरत नाही. आठवड्यातून निदान 150 मिनिटे चालण्या-खेळण्याचा व्यायाम हवा, पण तो आठवड्यात एकदाही होत नाही. थकलेले मन रात्री पुन्हा मोबाईलकडेच वळते. एक टाका उसवला की सगळी शिवण सुटत जाते, तसे हे आहे.

दुसरी बाजूही पाहायला हवी. गाव सोडून पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर आलेले मूल एकटे असते. फीचा ताण असतो, इंग्रजीची भीती असते. मोबाईलमुळे मन खचते, तसे खचलेले मनही मोबाईलचा आसरा घेते. अशा मुलाला नुसते रागावले तर ते आपल्यापासून आणखी दूर जाते.

आपल्या दीनने रात्रीची शिस्त फार पूर्वीच घालून दिली आहे. झोप ही विश्रांती आणि रात्र हे पांघरूण असल्याचे कुरआन सांगतो. इशाच्या नमाजनंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना आवडत नसे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी रात्रभर इबादत करीत आणि रोज रोजा ठेवीत. त्यांनाही प्रेषितांनी (स.) शरीराचा हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, याची आठवण करून दिली. इबादतीसाठीही जो हक्क मारायचा नाही, तो रील्ससाठी कसा मारायचा?

म्हणून सुरुवात रात्रीपासून करू या. इशानंतर ठरलेल्या वेळी घरातले सगळे मोबाईल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. अब्बांचा आणि अम्मींचाही. मोठे व्हॉट्सअ‍ॅप चाळत बसले तर मुलांना सांगण्याचा अधिकार उरत नाही. ‘फजरच्या अलार्मसाठी उशाशी हवा’ ही सबब साध्या गजराच्या घड्याळाने मिटते. होस्टेलवर खोलीतल्या मित्रांनी मिळून वेळ ठरवावी, सकाळी एकमेकांना उठवावे. रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत मोबाईलवर जागण्याची सवय तर आवर्जून मोडावी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुलगा मोबाईलवर जागला तर त्याला ओरडा बसतो; मुलगी जागली तर काही घरांत तिचे कॉलेजच बंद करण्याची भाषा होते. हा न्याय नव्हे. सवय दोघांचीही मोडता येते, पण सुटलेले शिक्षण पुन्हा हाती येणे कठीण असते.

एवढे करूनही मूल जेवणखाण टाळत असेल, कॉलेजला जात नसेल, गप्प गप्प राहत असेल, तर संकोच न करता मदत घ्यावी. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून यासाठी खास क्लिनिक चालते. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीतही बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे नेतोच. मनाच्या दुखण्यालाही तोच नियम लावू या. आणि आज रात्री मुलाला काही सांगण्याआधी आपला मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याजवळ थोडा वेळ बसू या.