वायर लांब, गोची जास्त!

नवा फ्लॅट, भिंतीवर नवाकोरा फोर-के टीव्ही आणि गावाहून पहिल्यांदाच राहायला आलेले आई-बाबा. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवरून लावला आणि नेमका सप्तपदीला स्क्रीन काळा! बाबा म्हणाले, ‘‘राहू दे गं, अल्बमच बघू.’’ इतकं ओशाळायला झालं म्हणून सांगू!

दोष टीव्हीचा नव्हता, माझ्या हौसेचा होता. ‘असू दे जास्तीची’ म्हणत मी १० मीटरची स्वस्तातली एचडीएमआय केबल आणली होती. तांब्याच्या तारेत अंतर वाढलं की सिग्नल क्षीण होतो. सेकंदाला ६० फ्रेम्सचं फोर-के चित्र हवं, तर केबलला सेकंदाला १८ गिगाबिट झेपायला हवेत. २-३ मीटरला ते सहज जमतं; ५ च्या पुढे साध्या केबलचा भरवसा नाही. तिथे ऑप्टिकल घ्या, पण तिची टोकं ठरलेली असतात. उलटी लावलीत, तर चित्रच नाही!

तेव्हा आधी टेप काढा, वळणांसकट मोजा, अर्धा मीटर जास्त धरा. सोनेरी मुलाम्याला भुलू नका. त्यानं गंज टळतो, चित्र सुधारत नाही.

मी लॅपटॉप टीव्हीजवळ सरकवला, २ मीटरची केबल आणली. त्या रात्री सातही पावलं पूर्ण झाली. आईचे डोळे भरून आले आणि स्क्रीन एकदाही मिटला नाही!