रुमालाखालचा सौदा आणि मोबाइलमधलं बिटकॉइन

सांगली जिल्ह्यातलं खरसुंडी खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. अशा बाजारांत जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरवत. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. मोबाइलमधल्या बिटकॉइन पाकिटाला असा आडोसा नसतो.

बिटकॉइनची पूर्ण खातेवही 500 जीबीहून मोठी. म्हणून हलकं पाकीट प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे वहीच्या पानाचा, फक्त 80 बाइटचा मथळा ठेवतं, बाकीची चौकशी दुसऱ्याच्या सर्व्हरकडे करतं. तिथेच आपले पत्ते उघडे पडतात. 2012 साली ते झाकायला ब्लूम फिल्टरचा पडदा आला; तो किती विरळ आहे, हे 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं.

2019 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह एक तोडगा मांडला. सर्व्हरच्या प्रोसेसरमध्येच इंटेल एसजीएक्सचा बंद कप्पा. प्रश्न कुलूपबंद आत जातो, उत्तर तसंच बाहेर येतं. खरी हुशारी मला पुढे दिसते. कप्पा वहीचं कोणतं पान उघडतो, यावरूनही सर्व्हरचा मालक अंदाज बांधू शकतो, म्हणून तो मागही झाकलेला आहे. तरी कप्पा अभेद्य नव्हे. 2018 मध्येच 'फोरशॅडो' हल्ल्याने एसजीएक्स भेदलं होतं.

सातारा-सांगलीतल्या वाचकांनो, पाकीट निवडताना ते कुणाच्या सर्व्हरला विचारतं, हे आधी बघा.