उडीपेक्षा उतरण महत्त्वाची

टेरेन पार्कमध्ये, म्हणजे उड्यांसाठी रॅम्प बांधलेल्या बर्फाळ उतारावर, स्कीपटू हवेत झेपावला की सगळ्यांचं लक्ष त्याच्या उंचीकडे असतं. पण हाडं मोडतात की शाबूत राहतात, हे तो बर्फाला कोणत्या कोनात भिडतो यावर ठरतं. समजा, वेग सेकंदाला 12 मीटर आहे. त्याची दिशा आणि उतार यांत 10 अंशांचाच कोन असेल, तर धक्का सुमारे 22 सेंटिमीटरवरून सपाटीवर पडल्याइतका बसतो. कोन 40 अंशांचा झाला की तोच धक्का 3 मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडल्याइतका! वेग मात्र तेवढाच.

म्हणून उतार संपून सपाटी लागते ती जागा फार घातक; तिथे हा कोन एकदम वाढतो. 2004 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्नोक्वाल्मी इथे एक तरुण उतार ओलांडून सपाटीवर आदळला आणि मानेखाली लुळा झाला. 2007 मध्ये ज्युरीने काही दोष त्याचाही धरला, तरी 1.4 कोटी डॉलरची भरपाई दिली.

डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले माँट हबर्ड यांनी गणिताने दाखवलं, की उतरणीला योग्य वळण दिलं तर वेग कमीजास्त झाला तरी धक्का मर्यादेत राहतो. रॅम्पचं टोकही सरळ हवं. ते वर वळलेलं असेल तर शरीर नकळत मागे गिरकी घेतं आणि माणूस डोक्यावर, मानेवर पडतो. हेल्मेट डोक्याला आधार देतं, मानेला नाही. एवढं ठाऊक असताना रॅम्प आणि उतरण नुसत्या अंदाजाने बांधणं मला अक्षम्य वाटतं. उडी मारणाऱ्यानेही आधी बाजूने हळू जाऊन उतरण नीट बघावी आणि खालची जागा मोकळी झाल्याशिवाय निघू नये.