गिअर अचानक पडेनासा झाला? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत मामांची वीसेक वर्षं जुनी डिझेल जीप घेऊन आम्ही अमरावतीहून मूर्तिजापूरला येत होतो. राष्ट्रीय महामार्ग 53 वर गाडी टॉप गिअरमध्ये मस्त पळत होती. गावात वळण्यासाठी वेग कमी केला, क्लच दाबला, तिसरा गिअर टाकायला गेलो तर नुसता ‘कर्रर्र’ आवाज. दुसरा पडेना, पहिलाही पडेना. शेवटी न्यूट्रलमध्येच गाडी कडेला घेतली.

एक मेकॅनिक आले. त्यांनी इंजिन चालू ठेवून दोन-तीनदा लिव्हर हलवला आणि म्हणाले, “भाऊ, गिअरबॉक्स गेला. खोलल्याबिगर काई समजत नाई. अकोल्याले न्या लागन.”

टोचन करून गाडी नेणं, गिअरबॉक्स उतरवणं, जुन्या मॉडेलचे पार्ट शोधणं... खर्चाचा अंदाज ऐकून मामा गप्पच झाले. शेताची सगळी ने-आण याच गाडीवर. जीप भंगारात द्यावी का, इथपर्यंत बोलणं गेलं. पण गिअरबॉक्स शेवटी खोलावाच लागला नाही. का, ते समजून घेऊ.

आधी मूळ गोष्ट: क्लच नेमकं काय करतो?

इंजिन फिरतं तेव्हा क्लचमधून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही फिरतो. क्लच दाबला की हा शाफ्ट इंजिनपासून सुटतो. मग गिअरबॉक्समधले सिंक्रोनायझर दोन्ही भागांचा वेग जुळवतात आणि गिअर अलगद पडतो. क्लच पूर्ण सुटलाच नाही, तर इंजिन शाफ्टला ढकलत राहतं, वेग जुळत नाही आणि दात एकमेकांवर घासतात. आवाज गिअरबॉक्समधून येतो, म्हणून संशय गिअरबॉक्सवर जातो. दोष मात्र क्लचचा असू शकतो.

चाचणी 1: इंजिन बंद करून गिअर टाका

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद करून क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा.

- बंद इंजिनवर सगळे गिअर पडतात, चालू इंजिनवर एकही पडत नाही: क्लच सुटत नाहीये. गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे.
- बंद इंजिनवरही एकही गिअर पडत नाही, लिव्हर लुळा हलतो: लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल, रॉड किंवा बुश तुटलेला किंवा निसटलेला असू शकतो.
- एकच गिअर पडत नाही किंवा पडून बाहेर येतो: आता आतल्या फोर्क किंवा सिंक्रोनायझरवर संशय घ्यायला जागा आहे.
- गिअर पडतो, इंजिन रेस होतं, पण गाडी हलत नाही: क्लच प्लेट घसरत असेल किंवा पुढे शाफ्ट, अॅक्सल तुटला असेल.

एक काळजी घ्या. कधीकधी दातासमोर दात आल्यामुळेही गिअर अडतो. तसं झालं तर गाडी थोडी ढकलून, पुन्हा दगड लावून बघा.

आमच्या जीपमध्ये इंजिन बंद केल्यावर पाचही गिअर आणि रिव्हर्स सहज पडले. तिथेच निम्मा जीव भांड्यात पडला.

चाचणी 2: पेडल काय सांगतं?

क्लच केबलवर असेल तर पेडल अचानक ढिलं पडणं म्हणजे बहुधा केबल तुटलेली किंवा निसटलेली. आमचा क्लच हायड्रॉलिक होता, म्हणजे पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळीतून फ्लुइड ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर क्लचचा फोर्क हलवतो.

अशा क्लचचं पेडल लागोपाठ चार-पाच वेळा पंप करा. त्याने थोडा वेळ क्लच यायला लागला तर सिस्टिममध्ये हवा शिरली आहे किंवा सील गळतंय. मग फ्लुइडची डबी बघा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिथे पातळी खाली दिसली तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवूच नका.

चाचणी 3: दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचा रॉड किंवा केबलचं टोक बघायचं.

- रॉड हलत नाही किंवा जेमतेम हलतो: दोष बाहेर आहे, स्वस्तात सुटण्यासारखा.
- रॉड पूर्ण हलतो तरी गिअर पडत नाही: प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क किंवा चिकटलेली क्लच प्लेट. इथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण तो क्लचसाठी.

काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर आतच बसवलेला असतो. तिथे हा रॉड बाहेरून दिसत नाही.

आमची डबी जवळजवळ रिकामी होती आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबर ओलंचिंब. त्याच मेकॅनिकने नवीन फ्लुइड भरून हवा काढली आणि गाडी घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी स्लेव्ह सिलिंडर बदलला. काम संपलं.

मग ‘अचानक’ काय झालं?

खरं तर अचानक काहीच झालं नव्हतं. रिव्हर्स टाकताना काही दिवसांपासून कर्र आवाज येत होता. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसल्याची पहिली तक्रार तिथेच ऐकू येते. आम्ही दुर्लक्ष केलं. महामार्गावर तासभर गिअर बदलायची वेळच आली नाही, तेवढ्यात उरलंसुरलं फ्लुइडही गळालं.

एवढं लक्षात ठेवा

- डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक फ्लुइड वापरा, डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल अजिबात टाकू नका, त्याने रबरी सील फुगून खराब होतात.
- हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. साधारण दोन वर्षांनी बदला.
- पातळी खाली गेली तर नुसतं टॉप-अप करून गप्प बसू नका. ते कुठेतरी गळतंय.
- गिअर ऑइल काढलं तर ड्रेन प्लग बघा. लोखंडाचा बारीक लगदा चालतो. दाताचे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स खोलायलाच हवा.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर “गिअर पडत नाही” एवढंच सांगू नका. “इंजिन बंद असताना सगळे पडतात, चालू असताना एकही पडत नाही,” असं सांगा. मेकॅनिक आधी क्लच बघेल. आमच्या मामांची जीप त्या एका वाक्यावर वाचली.